ओटीतले चार दाणे

रविवारी सकाळी सेव-उसळीची पिशवी ॲक्टिव्हाच्या हुकाला अडकवून मृदुला सोसायटीच्या फाटकात वळली आणि समोर स्वतःलाच बघून तिने असा ब्रेक दाबला की पिशवी हेलकावली आणि गरम रस्सा पायावर सांडला. नवरात्र तोंडावर आलं की ज्या जागी गरबा क्लासची जाहिरात लागते, त्या जागी यंदा ती होती, दहा फूट उंच, पाठीला पोतं बांधल्यासारखी सॅक, डोळे वाऱ्याने बारीक झालेले, आणि वर लाल अक्षरांत मराठी मंडळाचं नाव. खाली लिहिलं होतं की बडोद्याची वाघीण सौ. मृदुला अविनाश साळुंके यांनी उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर पाच दिवसांत दीडशे किलोमीटर अंतर, स्वतःचं ओझं स्वतः वाहून, कुणाचीही मदत न घेता धावून पार केलं, त्याबद्दल आज संध्याकाळी पाच वाजता भव्य सत्कार. उत्तर ध्रुव तिथून किती लांब होता, ते तिने सोडून दिलं. वाघिणीचंही सोडून दिलं. मंडळाच्या लेखी गेल्या वर्षी दहावीला पंच्याऐंशी टक्के मिळवणारी पोरगीसुद्धा वाघीणच होती. पण ‘कुणाचीही मदत न घेता’ या चार शब्दांवर तिची नजर जी अडकली, ती निघेना. वॉचमन खुर्चीतून उठून म्हणाला की बेन, फोटो तो बहु सरस आव्यो छे. तिने मान हलवली. पाय चुरचुरत होता, आणि मागे रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

खाई त्याला खवखवे म्हणतात. गेल्या अडीच महिन्यांत तिला कळलं होतं की ती खवखव खरोखरच घशाशी असते, डाव्या बाजूला, आणि कोणी ‘वा मृदुलाताई’ म्हटलं की हमखास सुरू होते. जिना चढताना ती स्वतःशी तोच जुना वाद घालत होती, जो तिने विमानात घातला, मकरपुऱ्याच्या कारखान्यात घातला, रात्री कुशीवर वळताना घातला. मदत म्हणजे काय? मदत म्हणजे आपण मागितलेली. मी मागितलं का काही? नाही. मग झालं तर. आणि हे ‘झालं तर’ म्हणून संपतंय तोच दुसरी बाजू उठायची, ती बाजू कारखान्यातल्या मृदुलाची होती. तिथे ती पंधरा वर्षं व्हॉल्व्ह तपासत होती. एवढाले लोखंडी व्हॉल्व्ह, तोंडं बंद करून आत पाण्याचा दाब द्यायचा, घड्याळ लावायचं आणि बघत बसायचं. एक थेंब गळला तरी बाद. सुपरवायझर येऊन म्हणायचा, मॅडम, एक टीपुं तो छे, जवा दो ने. तिने एकदाही जाऊ दिलं नव्हतं. तिच्या या अडेलपणापायीच तर कंपनीने तिला दोन महिन्यांसाठी ॲबर्डीनला पाठवलं, तिथल्या माणसांपुढे आपला माल तपासून द्यायला. आणि तिथून एका रात्रीच्या बोटीवर ती बेटं होती.

घरात भास्कररावांचा कोट खुर्चीच्या पाठीवर उन्हाला टाकलेला होता. सासरे, वय एक्याऐंशी, वडील गायकवाड सरकारच्या फौजेत हवालदार. त्या फौजेला जाऊन पाऊणशे वर्षं झाली तरी ती साळुंक्यांच्या घरात रोज सकाळी परेड करायची. पाण्याचा तांब्या जागेवर नसला तरी फौज निघायची. सुरुवातीला, म्हणजे सात वर्षांपूर्वी, मृदुला पहाटे कमाटीबागेत पळायला जाऊ लागली तेव्हा त्यांनी तीन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं. सून पळते म्हणजे काय, कुणाच्या मागे, कशासाठी? मांजलपुरातल्या बायकाही कमी नव्हत्या. खालच्या मजल्यावरच्या बेन काळजीने विचारायच्या की घरात काही टंटा आहे का. मग तिने सॅकमध्ये आठ किलो तांदूळ भरून पावागढच्या पायऱ्या चढायला सुरुवात केली, तेव्हा अविनाशने, तिच्या नवऱ्याने, नवस बोललीस की काय म्हणून चेष्टा केली. तो रिफायनरीत शिफ्टला जायचा, स्वभावाने मऊ माणूस, कशालाच नाही म्हणायचा नाही. पण हो म्हणण्याची त्याची एक तऱ्हा होती, दार उघडून धरल्यासारखी, आणि त्या दारातून जाताना आपल्याला आत-बाहेर सोडणारं कोणीतरी आहे हे विसरता येत नसे. तिला बूट घ्यायचे तर तो घेऊन यायचा. रजा काढायची तर सासऱ्यांना तो विचारून ठेवायचा. डबा तिने भरला तरी झाकण तो लावायचा. यात वाईट काय होतं? काहीच नाही, आणि तेच तर वाईट होतं, कारण चिडायला जागा नव्हती. बेचाळीस वर्षांत एक गोष्ट अशी नव्हती की जिच्यावर बोट ठेवून म्हणावं, ही माझी, हिला कुणाचा हात लागलेला नाही.

म्हणून तर त्या मंडळींचा नियम तिने पहिल्यांदा वाचला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. मंडळी कसली, जगभरातली वीस-पंचवीस खुळी माणसं, एकमेकांना ईमेल लिहिणारी. दर जूनमध्ये त्यांतली दहा-बारा जण शेटलंडच्या सगळ्यात वरच्या बेटावर जमायची आणि तीन बेटं ओलांडत खालच्या टोकाच्या दीपगृहापर्यंत धावायची. पदक नाही, बक्षीस नाही, रस्त्यात टेबल मांडून पाणी देणारी पोरं नाहीत. बेटाबेटांमधली होडी तेवढी माफ. बाकी तंबू, कपडे, पाच दिवसांचं खाणं, सगळं ज्याचं त्याच्या पाठीवर. ओढ्याचं पाणी प्यावं. माणसाच्या हातून काही घेऊ नये. शेवटी मॅग्नस नावाचा एक निवृत्त शाळामास्तर दीपगृहाशी वही घेऊन बसायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, कुणाकडून काही घेतलंत का. नाही म्हटलं की नाव वहीत. पुरावा कोणी मागायचं नाही. तिने हे भास्कररावांना फोनवर सांगितलं तेव्हा ती विरोधाच्या तयारीत होती. पण पलीकडून म्हातारा म्हणाला, “बरोबर आहे. शिपायाची रसद त्याच्या पाठीवर. मागायची नाही.” सात वर्षांत तिच्या धावण्याबद्दल ते पहिल्यांदा नीट बोलले होते. ती फोन ठेवून ॲबर्डीनच्या त्या छोट्या खोलीत रडली होती, आणि मग तीन किलो सुखडी करायला बसली होती, कारण गहू, तूप आणि गूळ इतकं पोटाला धरून राहणारं त्या देशाच्या दुकानात काही नव्हतं.

सेव-उसळ खाताना शलाका, तिची अठरा वर्षांची लेक, फोनवर मैत्रिणीला गुजरातीत सांगत होती की मम्मीचं बॅनर लागलंय. भास्करराव पावाचे बारीक तुकडे करून रश्शात बुडवत होते, आणि मध्येच म्हणाले की बागेतल्या त्यांच्या रोजच्या बाकावरच्या सगळ्या पेन्शनरांना त्यांनी बोलावलंय, फत्तेसिंहराव तर फतेगंजहून रिक्षा करून येणार आहेत. तिच्या घशाला खवखव सुटली. ती पाणी प्यायली. घरात पंखा घरघरत होता, हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटत होती, आणि तिला एकाएकी, अगदी पोटातून, तो वारा आठवला. झाड नावाची वस्तू नसलेला तो मुलूख. डोंगर नाहीत, नुसत्या लांबच लांब तपकिरी चढण्या, खाली काळा चिखल, वरून गवताने झाकलेला, पाय टाकला की मांडीपर्यंत आत. वाट म्हणजे मेंढ्या गेल्या असतील तर गेल्या असतील. मोठाले तपकिरी पक्षी, अंड्यांजवळ गेलं की डोक्यावर झडप घालणारे. ती काठी डोक्यावर उभी धरून पळायची आणि मोठ्याने मराठीत शिव्या द्यायची, ज्या तिला येतात हे तिलाही ठाऊक नव्हतं. रात्र व्हायचीच नाही. अकराला सूर्य टेकायचा आणि उजेड तसाच राखाडी राहायचा, तंबूत डोळ्यांवर मोजा टाकून झोपावं लागायचं. पायांची सालं निघाली, खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले, आणि ती इतकी सुखी होती की तिला त्याची भीती वाटायची. कारण तीन दिवस, सबंध तीन दिवस, एकाही माणसाने तिला विचारलं नव्हतं की जेवलीस का, पोचलीस का, कधी येतेस, कोण आहे बरोबर. भूक लागली तर तीच होती, थांबली तर तीच. सुखडीची वडी तोंडात विरघळायची आणि तिला वाटायचं, ही मी केली, मी वाहिली, मी खाल्ली. आपला हात जगन्नाथ. एवढं साधं सुख मिळवायला माणसाला पृथ्वीच्या डोक्यावर जावं लागावं, याचा राग मात्र तिला तिथेही आला होता.

दुपारी भास्करराव आडवे झाल्यावर तिने अविनाशला सांगायचं ठरवलं. तो बनियनवर बसून कोटाची बटणं तपासत होता. बॅनरवरचा मजकूर त्यानेच लिहून दिला होता, हे तिला आताच कळलं. तिने दार लोटलं आणि एका दमात सांगून टाकलं. चौथ्या दिवशी पहाटे चिखलात गळ्यापर्यंत गेले, सॅक पाण्यात बुडाली. सुखडीची पिशवी फुटली, त्या काळ्या पाण्याने सगळ्याचा लगदा झाला, खाल्लं तर उलटी. मूठभर शेंगदाणे उरले. दुपारपर्यंत पाय थरथरायला लागले. एका उतारावर एकच घर होतं, बुटकं, चुन्याने पांढरं केलेलं, आणि दारात एक म्हातारी उभी होती, एप्रनला पिठाचे हात. काहीतरी बोलली, मला एक अक्षर कळलं नाही. आत गेली, आणि लाल चौकडीच्या फडक्यात दोन गरम भाकऱ्या घेऊन आली. भाकऱ्याच त्या, जाड, तव्यावरच्या. आणि अविनाश, मी हात पुढे नाही केले. मी जाकिटाचा खालचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि पुढे केला.

“म्हणजे?” तो म्हणाला.

म्हणजे ओटी रे, ओटी. म्हातारी बाई दारातून हातात काही घेऊन आपल्याकडे यायला लागली की माझे हात पदराकडे जातात, वीस वर्षं जाताहेत. डोक्याला विचारत नाहीत. तिने त्यात फडक्यासकट भाकऱ्या ठेवल्या, मी वाकून नमस्कार केला, ती दचकून मागे सरली आणि मग हसली. आणि ओटी घेतली की बाई निघते, तशी मी निघाले. टेकडी ओलांडून जाईपर्यंत मला नियम आठवला नाही. आठवला तेव्हा घास तोंडात होता.

अविनाशच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती बघून तिला कोट उचलून त्याच्या अंगावर फेकावासा वाटला. एवढंच ना, असं त्याचं म्हणणं पडलं. तिला वाटलं, कितीतरी भयंकर ऐकायला मिळणार म्हणून तो घाबरला होता. “अगं, दोन भाकऱ्या खाल्ल्यास, दरोडा नाही घातलास,” तो म्हणाला, आणि प्रेमाने म्हणाला, हेच तर अवघड होतं. मग त्याने तिची समजूत घातली. ओटी म्हणजे मदत नव्हे, तो मान असतो. तिथल्या लोकांना काय कळणार. आणि आता बॅनर छापलं, नारळ आणले, बाबांनी कोट काढला. तिने त्याला दुसरी अर्धी गोष्ट सांगितलीच नाही. ती तर कुणालाच सांगितली नव्हती. दीपगृहाशी तिच्यापुढे एक डच माणूस होता, ताडमाड, गुडघे सोललेला. मॅग्नसने त्याला प्रश्न विचारला, तो म्हणाला हो, काल रस्ता ओलांडताना एका ट्रकवाल्याने चॉकलेट दिलं, खाल्लं मी, फार छान होतं. आणि खदाखदा हसला. मॅग्नसही हसला, वहीत काही लिहिलं नाही, आणि तो माणूस बाजूला जाऊन गवतात पाठ टेकून झोपला, जणू पाच दिवसांचं काही गेलंच नाही त्याचं. मग मॅग्नसने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, नाही. विचार करून नव्हे, घाईने, तिकिटाच्या खिडकीवर आपला नंबर आला की बोलतो तसं. त्याने तिचं नाव तिला विचारून, एकेक अक्षर जपून लिहिलं. पाच दिवसांत तिच्याशी इतक्या अदबीने कोणी वागलं नव्हतं.

डच माणसाला हसता आलं, कारण त्याच्याकडे अशा दहा गोष्टी असतील, एक गेली तर नऊ. हे तिने स्वतःला शंभरदा सांगितलं होतं. माझी एकच होती. पण खोटं बोलून राखलेली एकुलती एक गोष्ट हातात घेऊन बघितली की ती आपली राहिलेली नसते, नुसती लपवलेली असते, आणि लपवलेल्या वस्तूला रोज जागा बदलून ठेवावं लागतं. ते लाल चौकडीचं फडकंही तिने असंच तीनदा हलवलं होतं. आधी सॅकमध्ये, मग स्वेटरांच्या खाली, आता देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, जिथे तिच्या सासूच्या, मथुराबाईंच्या, साडीचा एक तुकडा होता. मथुराबाईंना जाऊन आठ वर्षं झाली. लग्नानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला त्यांनीच तिला शिकवलं होतं की साळुंक्यांच्या घरी ओटी घेतली की त्यातले चार दाणे उचलून देणारीच्या ताटात परत टाकायचे. रिकामं ताट घेऊन बाईने माघारी जाऊ नये. ‘घेणं सगळ्यांना येतं गं,’ असं त्या म्हणायच्या, आणि तिच्या बोटांवर चापटी मारून दाखवायच्या, दोन बोटं आणि अंगठा, चार दाणे, जास्त नाही.

दांडिया बाजारच्या मंडळाच्या हॉलमध्ये पाचाचे पावणेसहा झाले. माइक आधी बोलेना, मग कोकलायला लागला. पहिल्या रांगेत भास्करराव कोट घालून, काठीवर दोन्ही हात ठेवून, सरळ बसले होते, शेजारी फत्तेसिंहराव आणि त्यांची बाकावरची पलटण. मंडळाचे अध्यक्ष मोहनराव अर्धा तास बोलले. मराठ्यांच्या रक्तात धावणं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं, ते कुठून कुठे हे त्यांनी सांगितलं नाही. मृदुला नऊवारीत घामाघूम होऊन बसली होती आणि तिला वाटत होतं, उठावं आणि पळत सुटावं, राजमहालाच्या कोटाला वळसा घालून थेट विश्वामित्रीपर्यंत. मग सरोजिनीबाई, मोहनरावांच्या पत्नी, ताट घेऊन पुढे आल्या. तांदूळ, नारळ, खण, सुपारी. मृदुला उभी राहिली, पदर पसरला. तांदूळ पदरात पडले, मग नारळ, आणि पदर खाली ओढला गेला. तिच्या डाव्या हाताने सारा भार धरला आणि उजव्या हाताची बोटं, डोक्याला न विचारता, आत गेली आणि चार दाणे उचलून सरोजिनीबाईंच्या ताटात टाकून आली. स्टीलवर दाण्यांचा बारीक आवाज झाला. आणि तिथे, त्या पंख्यांखाली, दीडशे माणसांपुढे, तिला ते पांढरं घर आठवलं. तिथे मी हे केलं नव्हतं. काठ पुढे करायची आठवण हातांना होती; दाणे परत टाकायची नव्हती. मग ओटी कसली ती? ओटी ओटी म्हणून अडीच महिने मी कुणाला समजावत होते? भुकेल्या माणसाने खायला घेतलं होतं, बस्स. आणि चालतं झालं होतं.

मोहनरावांनी दोन शब्द बोला म्हणून माइक तिच्या हातात दिला. पदरातला नारळ पोटाशी धरून ती बोलली, आणि तिला स्वतःचा आवाज कारखान्यातल्यासारखा वाटला, बाद माल सांगतानाचा.

“बाहेर लिहिलंय ते खरं नाही. मी मदत घेतली. चौथ्या दिवशी एका बाईने मला खायला दिलं, ते मी खाल्लं. ते नसतं तर मी शेवटपर्यंत पोचले नसते. आणि नंतर मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.”

एका क्षणापुरतं तिला हलकं वाटायला सुरुवात झाली होती, एवढं नक्की. मग मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळा हॉल. मोहनरावांनी माइक तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला आणि गहिवरून सांगितलं की एवढं करूनही ही लेक श्रेय त्या परक्या माउलीला देते, याला म्हणतात संस्कार. ती म्हणाली, तसं नाही, ऐका तरी. पण माइक त्यांच्याकडे होता. शाल अंगावर आली, फोटोवाल्याने मान वर करायला सांगितलं, सरोजिनीबाईंनी डोळ्याला पदर लावला. शलाका शिट्टी वाजवत होती. उचलली जीभ लावली टाळ्याला असं आयुष्यभर बोलणाऱ्यांचं सगळं हे गाव निमूट ऐकून घेतं, आणि एकदा कोणी खरं बोललं तर टाळ्या वाजवून ते बुजवून टाकतं. तिला कुणाची तरी गचांडी धरून हलवावंसं वाटलं. पहिल्या रांगेत फक्त दोन हात वाजत नव्हते. ते काठीवर होते.

अविनाश आणि शलाका नारळ-शाली गोळा करायला मागे राहिले, आणि ती भास्कररावांना घेऊन रिक्षात बसली. लालबागच्या पुलापर्यंत रिक्षा भरधाव आली. ती फौजेची वाट बघत होती. आता निघेल, रसद निघेल, हवालदार निघतील, आणि बाकावरच्या माणसांपुढे झालेली शोभा निघेल. पुलावर ट्रॅफिक तुंबलं तेव्हा त्यांनी पुढे बघतच विचारलं, “खायचं काही उरलं नव्हतं?”

“मूठभर शेंगदाणे.”

“म्हातारी एकटीच होती?”

“एकटीच दिसली.”

“आपल्या घरच्या रीतीने चार दाणे परत टाकलेस?”

तिने मान हलवली. त्यांना ते दिसलं नसावं असं वाटून तोंडाने म्हणाली, नाही. रिक्षा इंचभर पुढे सरकली, पुन्हा थांबली.

“नाव विचारलंस तिचं?”

“नाही.”

भास्कररावांनी पहिल्यांदाच तिच्याकडे मान वळवली. मग म्हणाले, “खोटं बोललीस ते वाईट. ते आज तुझ्यापुरतं फेडलंस, लोकांना ऐकू आलं नाही त्याला तू काय करणार. पण आज सगळ्या बडोद्याने तुझं नाव वाचलं, मृदुला. आणि जिचं खाल्लंस तिचं नाव तुलाच ठाऊक नाही.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. अडीच महिने ती स्वतःला धुंडाळत होती, घेतलं की नाही घेतलं, गळलं की नाही गळलं, माझं राहिलं की गेलं. आणि त्या सगळ्या शोधात ती पिठाचे हात असलेली बाई नुसती दाराला टेकून उभी राहिली होती, तिच्याकडे मृदुलाने एकदाही वळून पाहिलं नव्हतं. गालावर एक तीळ होता का? केस बांधलेले होते का? आठवेना. भाकरीची चव तेवढी आठवत होती, थोडी करपलेली, खारट. रिक्षावाल्याने गाडी बंद करून पुन्हा चालू केली. भास्कररावांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले की फडकं असेल ना तिचं, ते रिकामं पाठवू नकोस.

त्यांना फडक्याचं कसं कळलं, हे तिने विचारलं नाही. देव्हाऱ्याखालचा कप्पा ते रोज सकाळी उघडत होते, उदबत्तीसाठी.

फाटकावर बॅनरवरची ती अजून दहा फूट उंच उभी होती. मृदुला तिच्याकडे न बघता आत गेली, नऊवारी बदलली, तांदूळ डब्यात ओतले आणि कढईत तूप ठेवलं. कणीक तांबूस होईपर्यंत ती हलवत राहिली, मग गूळ घातला, ताटात थापलं, वड्या पाडल्या. ताट निवत ठेवून ती कॉम्प्युटरपुढे बसली. मॅग्नसला लिहायला लांबलचक काही सुचत होतं, ओटी म्हणजे काय, सून म्हणजे काय, सगळं. पण तिने ते खोडलं. घेतलं होतं, खाल्लं होतं, नाही म्हणाले ते खोटं होतं, एवढं लिहिलं. मग लिहिलं, माझं नाव वहीतून काढा. आणि चौथ्या दिवसाच्या वाटेवर, ओढा ओलांडल्यावर, डावीकडे एकटं पांढरं घर आहे, तिथे राहणाऱ्या बाईंचं नाव मला कळवा, मला पार्सल पाठवायचं आहे. ईमेल गेला, त्याबरोबर तिची ती एकुलती एक गोष्टही गेली. ती वाट बघत बसली की आता काहीतरी तुटेल. घशाशी फक्त तुपाचा वास होता.

शलाका धावत वर आली ती वास घेतच, शिट्टीने घसा बसलेला, हातात शालींचा गठ्ठा. गठ्ठा सोफ्यावर टाकून तिने सरळ ताटातल्या वडीला हात घातला. मृदुलाने तिच्या बोटांवर चापटी मारली.

“आई, मी दुपारपासून काही खाल्लं नाही,” शलाका म्हणाली.

“पोळी आहे डब्यात. ही ठेव खाली,” मृदुला म्हणाली. “ही आपली नाही.”

आणि ते लाल चौकडीचं फडकं तिने धुवायला टाकलं.